मागच्या चाकाचा ब्रेक आणि घरचा मिस्त्री

मोटार विकत घेताना गृहस्थ तिचा रंग पाहतो, बैठक दाबून पाहतो, एका लिटरला ती किती धावते हे तीनतीनदा विचारतो, आणि हल्ली तर तिच्यात गाणी कशी वाजतात याचीही परीक्षा घेतो. ती थांबते कशी, हे विचारणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटेल. त्यातून मागच्या चाकांच्या ब्रेकचे तर नावच काढू नका. पुढचा ब्रेक निदान कुरकुरतो तरी. मागचा बापडा लोखंडी डब्यात तोंड मिटून झिजत असतो, आणि त्या डब्याचे झाकण काढून आत डोकवावे असे वर्षानुवर्षे कोणाच्या मनात येत नाही.

जालना जिल्ह्यातील मोटारवाल्यांना या विषयात लक्ष घालण्यास अलीकडे एक नवे कारण मिळाले आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, आणि 5 जून 2025 रोजी मुंबईकडचा अखेरचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरचा सगळा रस्ता पुरा झाला. हा रस्ता जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. सपाटीवर ताशी 120 किलोमीटर वेगाची मुभा. ज्या मोटारीने आजवर अंबडच्या मत्स्योदरी देवीला, राजूरच्या गणपतीला, नाहीतर समर्थांच्या जांबेला जाण्यापलीकडे फारशी मजल मारली नव्हती, ती आता तासन् तास त्या वेगाने पळते. राजूरच्या वाटेवर शेळ्या आडव्या येतात, घनसावंगीकडे उसाच्या ट्रॉल्या येतात, म्हणून तिथे ब्रेकवर पाय सतत असतो. समृद्धीवर शंभर शंभर किलोमीटर ब्रेकची आठवणही होत नाही, आणि मग एकाएकी तो लागतो तेव्हा पुरा लागतो.

पुरा म्हणजे किती? थोडे गणित करू. माणसांसकट हजार किलो वजनाची लहान मोटार ताशी 60 किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिला थांबवताना सुमारे 139 किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. वेग दुप्पट म्हणजे 120 केला की उष्णताही दुप्पट व्हावी असे आपल्याला वाटते. पण ती चौपट होते, 555 किलोज्यूलच्या घरात जाते. हा आकडा कोरडा वाटत असेल तर स्वयंपाकघरात चला. तेवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर पाणी माठातल्यासारखे असताना उकळीला येईल. चौदा-पंधरा कप चहाचे आधण, आणि ते शेगडीवर पाच-सात मिनिटांत नव्हे, तर ब्रेक दाबल्यापासून चार-पाच सेकंदांत! ही सारी आच चार चाकांतल्या हाताच्या पंजाएवढ्या आठ तुकड्यांनी सोसायची असते.

यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा. ब्रेक दाबला की आपण पुढे झुकतो, तशीच मोटारही नाक खाली घालते. भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून मागच्या ब्रेकला काम थोडे. काम थोडे म्हणून झीज थोडी, आणि झीज थोडी म्हणून दुर्लक्ष भरपूर. परंतु रस्ता ओला असला, मागे तीन मुले आणि सामानाची पिशव्यांची रास असली, की मोटार सरळ रेषेत थांबते की आडवी फिरते हे पुष्कळदा याच दुर्लक्षित जोडीवर ठरते. एका बाजूचा ब्रेक धरला आणि दुसऱ्या बाजूचा सुटला, तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय उतारावर उभी केलेली मोटार जागच्या जागी धरून ठेवणारा हँडब्रेक, तोही बहुधा मागच्याच चाकांत असतो.

आता एक नावाचा घोटाळा आधी मिटवू. 'मागचे ब्रेक पॅड बदलायचे' असे आपण म्हणतो खरे, पण आपल्याकडच्या बहुसंख्य लहान मोटारींना मागे पॅड नसतातच. तिथे असतो ड्रम, म्हणजे बिडाचा गोल डबा, आणि त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू. शूच्या पाठीवर जो झिजणारा थर असतो त्याला आपले मिस्त्री लायनर म्हणतात. ब्रेक दाबला की शू बाहेरच्या अंगाला फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. मारुतीची आल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या सगळ्यांची मागची तऱ्हा हीच. जुन्या फियाटला तर चारही चाकांना ड्रमच होते. याउलट क्रेटा, सेल्टॉस, एक्सयूव्ही 300 अशा काही मोटारींच्या मागच्या चाकांतही उघडी चकती असते, तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे पॅड असतात. चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून पाहावे; चकचकीत चकती दिसली तर पॅड, काळा-तांबूस डबा दिसला तर शू.

चकती नवी आणि डबा जुना असा समज आहे. वास्तविक फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले, ते एकाच वर्षी, 1902 साली. चकतीला मात्र पन्नास वर्षे ताटकळावे लागले. 1953 साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चकतीचे ब्रेक लावलेली जग्वार पहिली आली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. कारण साधे आहे. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर सरकतो, म्हणून पेडल अधिकाधिक खोल जाऊ लागते. चकती तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते. शिवाय तिला वारा लागतो. सिल्लोडकडून अजिंठ्याचा घाट उतरताना जे गृहस्थ गिअर न बदलता सगळा उतार ब्रेकवरच उतरतात, त्यांना फर्दापूर येईपर्यंत पेडल मऊ लागू लागते ते यामुळेच. तिथे दुसरा-तिसरा गिअर टाकून इंजिनाला काम करू द्यावे. तरीही ड्रमचे एक बरे आहे. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्याच्या आत सहसा शिरत नाही, आणि हँडब्रेक तो घट्ट धरतो. म्हणून स्वस्त मोटारीच्या मागे तो अजून टिकून आहे.

आता ज्या भगिनींना वाटते की हा विषय आपला नव्हे, त्यांच्यासाठी एक हकीकत. मोटारीच्या ब्रेकला पहिले लायनर लावून घेतले ते एका गृहिणीने. कार्ल बेंझ याने मोटार बनवली, पण ती घेऊन लांब जाण्याचे धाडस त्याला होईना. ऑगस्ट 1888 मध्ये त्याची पत्नी बेर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले, ते औषधांच्या दुकानातून घेतले. त्या गाडीच्या ब्रेकला लाकडी ठोकळे होते. डोंगराळ मुलखात उतरता उतरता ते झिजून गेले. बाईंनी बाउश्लॉट गावात एका चांभाराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर कातडे ठोकून घेतले. पुढचा सगळा उतार ती त्या कातड्याच्या भरवशावर उतरली. नवऱ्याला तार गेली ती पोचल्यावर!

तर मग हे काम आपण घरी करावे का? माझे मत असे की, तपासणी प्रत्येकाने करावी, पॅड किंवा शू बदलणे हे हाताला सवय असलेल्याने करावे, आणि ब्रेक ऑइलच्या नळीला मात्र कोणी घरी हात लावू नये. पैसे वाचतात म्हणून करावे असे मी म्हणणार नाही. लायनरच्या जोडीची किंमत आणि मजुरी मिळून सहकुटुंब एका जेवणाच्या खर्चाहून फार अधिक होत नाही. पण स्वतः उघडून पाहिलेला ब्रेक कसा आहे हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्याने 'बघितले साहेब, ओके आहे' म्हटलेला कसा आहे, हे त्याला ठाऊक आणि देवाला. पावसाळा संपून दिवाळीची झाडलोट निघते, तोच या कामाचा मुहूर्त समजावा.

जागा सपाट आणि टणक हवी. फरशी किंवा सिमेंटचा कोबा उत्तम. अंगणातली काळी माती वरून सुकलेली दिसली तरी तिच्यात जॅक कलतो, म्हणून तिथे हा उद्योग करू नये. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावावेत आणि मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. हँडब्रेक मात्र सोडलेला हवा. नवशिका इथेच अडतो. मोटार सरकू नये म्हणून तो हँडब्रेक करकचून ओढतो, मग आतले शू ड्रमला मिठी मारून बसतात, आणि ड्रम निघत नाही म्हणून हा बाहेरून हातोडीने ठोकत सुटतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली हातसुद्धा घालू नये. लोखंडी घोडीचा भक्कम आधार द्यावा, आणि काढलेले चाक आडवे करून मोटारीच्या कडेखाली सरकवून ठेवावे. आधार निसटलाच, तर मोटार चाकावर बसेल, माणसावर नव्हे. मुलांना या वेळी दूर ठेवावे, विशेषतः ज्यांना मोटारीत चढून स्टिअरिंग फिरवण्याची हौस आहे त्यांना. ड्रम काढलेला असताना कोणी ब्रेकचे पेडल दाबले, तर आतल्या छोट्या सिलिंडरमधले दट्टे बाहेर उडून येतात, ब्रेक ऑइल सांडते, आणि काम मिस्त्रीकडे जाते.

ड्रमच्या तोंडाशी पुष्कळ मोटारींत पेचाची दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे, बहुधा आठ मिलिमीटरचे, दोन बोल्ट सारख्या प्रमाणात आवळत गेले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. काही मोटारींत मात्र ड्रम आणि चाकाचे बेअरिंग एकत्र असते आणि मधोमध टोपीखाली एक मोठा नट असतो. तो नट दिसला तर माझा सल्ला, तिथेच थांबावे. तो ठरावीक जोराने आवळावा लागतो आणि पुष्कळदा नवाच घालावा लागतो. तो चुकला तर ब्रेकचा प्रश्न राहत नाही, चाकाचाच राहतो.

ड्रम निघाला की आत काळी भुकटी साचलेली दिसेल. ती फुंकायची नाही, हवेच्या नळीने उडवायची तर मुळीच नाही. विसाव्या शतकात बहुतेक ब्रेक लायनर ॲस्बेस्टॉसचे असत, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की वर्षांनुवर्षांनी कॅन्सरसारखे रोग होतात. नामांकित कंपन्यांच्या नव्या लायनरमध्ये आता ते नसते. पण आपल्या देशात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आलेली नाही, आणि जुन्या मोटारीत कोणी कोणता माल घातला हे कोण सांगणार? तेव्हा तोंडाला मास्क बांधावा, भुकटी पाण्याने किंवा ब्रेक क्लिनरने भिजवावी, जुन्या चिंधीने पुसून घ्यावी आणि चिंधी पिशवीत बांधून टाकावी. मोटारीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

आता मोबाईल काढावा आणि फोटो घ्यावा. एक जवळून, एक लांबून, एक बाजूने. पूर्वीचे मिस्त्री कागदावर आकृती काढीत किंवा डोक्यात ठेवीत. आपल्या डोक्यात इतर पुष्कळ गोष्टी असतात. त्याहून मोठी युक्ती म्हणजे एका वेळी एकच चाक खोलणे. अडले की दुसऱ्या बाजूला जाऊन नमुना पाहता येतो. फक्त तिकडे तो आरशातल्यासारखा उलटा असेल, हे ध्यानात ठेवावे.

लायनरची जाडी एक-दीड मिलिमीटरवर आली असेल, किंवा त्यावर तेल पसरले असेल, तर शू बदलावेतच. तेल पुसून, पॉलिश पेपरने घासून ते पुन्हा वापरणारे भेटतात. लायनर तेल पिते आणि तापले की पुन्हा ओकते. सिलिंडरच्या रबरी टोपीची कड हळूच उचलून पाहावी. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. मग नवे शू घालून उपयोग नाही, मिस्त्रीलाच बोलवावे.

स्प्रिंगा हा या कामातला विनोदी भाग आहे. शूला मागच्या पत्र्याशी धरून ठेवणाऱ्या दोन लहान स्प्रिंगा पकडीने दाबून पाव वळसा फिरवल्या की सुटतात. दोन्ही शूंना एकमेकांकडे ओढणारी मोठी स्प्रिंग मात्र सुटताना बंदुकीच्या गोळीसारखी जाते. डोळ्यांना चष्मा लावावा. "अहो, काहीतरी तुळशीकडे उडालं बघा!" असे घरातून ऐकू आले, की पुढचा अर्धा तास वृंदावनाभोवती शोध करण्यात जातो. मागच्या शूवर हँडब्रेकची तरफ असते, ती नव्या शूवर जशीच्या तशी चढवावी. दोन शूंच्या मधला आडवा ॲडजस्टर स्वच्छ करून आखूड करून घ्यावा, कारण नवे लायनर जाड असते आणि नाहीतर ड्रम वर बसत नाही. डावीकडचा ॲडजस्टर उजवीकडे जाऊ देऊ नये. शू ज्या ठिकाणी मागच्या पत्र्याला टेकतात तिथे ग्रीसचे अगदी बोट लावावे, गंधासारखे. लायनरला किंवा ड्रमच्या आतल्या भिंतीला ग्रीसचा हात लागता कामा नये.

ड्रमचा सगळ्यात मोठा चालणारा व्यास त्याच्यावरच ठसवलेला असतो. त्यापुढे झिजला असेल तर तो टाकावा. जालनेकरांना त्याचे दुःख नको. या शहरात भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या इतक्या आहेत की, आज टाकलेले लोखंड उद्या कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये निघायचे.

ज्यांच्या मोटारीला मागे चकती आहे त्यांचे काम दिसायला सोपे, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. पुढच्या चाकात नवे पॅड बसवताना कॅलिपरचा दट्ट्या दाबला की आत जातो. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर तो पेचासारखा फिरवत आत घालावा लागतो. क्लॅम्प लावून नुसता रेटला तर आतला पेच मोडतो. आणि ज्या मोटारीत हँडब्रेकच्या जागी नुसते बटण आहे, तिथे एक छोटी विजेची मोटर हे काम करते. तिला आधी दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावे लागते, त्यासाठी बहुधा कंपनीचे यंत्र लागते. ते नसेल तर पॅड घरी बदलण्याचा हट्ट धरू नये. कॅलिपर काढल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधावा. दट्ट्या आत जाताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, त्यावर लक्ष असावे. सांडले तर मोटारीचा रंग खाते.

ब्रेक ऑइलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. हे द्रव हवेतले पाणी शोषून घेते. डॉट 3 जातीचे ताजे तेल 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ते 140 अंशांनाच उकळू शकते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला जाते. साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे, असे बहुतेक कंपन्या सांगतात. नवे शू आणि सात वर्षांचे तेल ही जोडी म्हणजे नव्या धोतरावर फाटका सदरा.

शू असोत की पॅड, दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एकाच चाकाचे बदलून दुसरे 'पुढच्या महिन्यात' ठेवणे हा फार वाईट प्रकार आहे.

सगळे बसवून झाल्यावर हाताने चाक फिरवून पाहावे. लायनरचा हलका घासल्याचा आवाज येत चाक मोकळे फिरले पाहिजे. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर द्यावा. आणि मग सर्वांत महत्त्वाचे: इंजिन सुरू करून, मोटार जागेवरच उभी ठेवून, पेडल पुनःपुन्हा दाबावे. पहिल्या खेपेला ते तळापर्यंत जाते, कारण शू-पॅड अजून आपल्या जागी आलेले नसतात. पाच-सात वेळा दाबल्यावर ते वर येऊन कडक होते. हे न करता गिअर टाकून निघालेला मनुष्य फाटकाला जाऊन धडकतो. पेडल कडक होत नसेल, स्पंजासारखे लागत असेल, तर मोटार हलवू नये. हँडब्रेकही दोन-चारदा ओढून सोडून पाहावा.

जाता जाता हँडब्रेकविषयी एक पावसाळी सूचना. मोटार धुतल्यावर किंवा पाण्यातून आणल्यावर हँडब्रेक ओढून ती आठवडाभर उभी ठेवली, तर शू गंजाने ड्रमला चिकटतात. सुट्टीहून आलेले कुटुंब मग मोटार हलत नाही म्हणून घाबरते. सपाट जागी मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावला की पुरते. पाण्यातून आल्यावर पाच-पन्नास पावले ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवावे, लायनर सुकते.

नव्या लायनरला पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर समृद्धीवर नेऊ नये. ड्रमच्या भिंतीशी त्याची अंगे जुळायला वेळ लागतो, तोवर पकड अपुरी असते. आधी गल्लीत, मग गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर वीस-तीस वेळा बेताच्या वेगावरून हलके हलके थांबवून पाहावे. मोटार एका बाजूला ओढते का, वास येतो का, घरी आल्यावर एकच चाक जास्त तापले आहे का, हे हात जवळ नेऊन पाहावे, टेकवू नये. एवढे ठीक असले तर पहिली खेप राजूरच्या गणपतीची करावी. रस्ता ओळखीचा, वेग बेताचा, ब्रेक लागण्याचे प्रसंग पुष्कळ. परत आल्यावर दोन्ही चाकांचे नट एकदा पान्याने पुन्हा आवळून पाहावेत.